चामड्याचं होल्स्टर सैल करायचं, मऊ करायचं नाही

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. ह्यूस्टनजवळ केटीला राहता, ग्रीन कार्ड आहे, टेक्सासचं कॅरी लायसन्स (पिस्तूल जवळ बाळगायचं) नुकतंच हातात आलंय. ग्लॉक १९ पिस्तुलासाठी पँटच्या बाहेर, पट्ट्यात ओवून लावायचं चामड्याचं पॅनकेक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, मागवलंत. पिस्तूल आत घालताना जोर लागतो आणि बाहेर काढताना पँटच वर येते. वडील म्हणाले, नव्या कोल्हापुरीला देतो तसं रात्रभर एरंडेल पाज, मऊ पडेल. शिवाय टी-शर्टखालून कमरेवरचा फुगवटा लांबूनही दिसतो. तर तेल लावू का, किती दिवसांत सैल होईल, आणि हे कधी झाकलं जाणार आहे का, की सरळ पँटच्या आतलं होल्स्टर घेऊ, असे तीन प्रश्न आहेत.

तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा. बाकीचं सविस्तर सांगतो. मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये होल्स्टरं शिवतो आणि लायसन्सच्या वर्गात शिकवतोही, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. तेलाचा प्रश्न मात्र आपल्याच माणसांकडून जास्त येतो, आणि त्याला कारण आहे.

वडिलांचा सल्ला अनुभवातून आलेला आहे. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. चांगल्या होल्स्टरचं कातडंही झाडांच्या साली-लाकडातल्या टॅनिननेच कमावलेलं असतं. इथे त्यासाठी मिमोसा, क्वेब्राचो, चेस्टनट वापरतात, आणि त्यातलं मिमोसा तर बाभळीच्याच कुळातलं झाड. म्हणजे दोन्ही कातडी नात्यातली आहेत आणि तेल दोन्हींत सारखंच मुरतं. पण चपलेला पावलाच्या प्रत्येक घडीबरोबर वाकायचं असतं आणि होल्स्टरला जन्मभर आहे त्याच आकारात उभं राहायचं असतं. तेल चपलेला जे देतं, तेच होल्स्टरचं आयुष्य संपवतं.

हे नीट समजावं म्हणून होल्स्टर कसं बनतं ते सांगतो. कातड्याची जाडी इथे औंसात मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. कमरेच्या होल्स्टरला ७ ते ९ औंसांचं कातडं लागतं, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन मिलिमीटर. ते कापून शिवलं की पाण्यात ओलं करायचं, आत त्याच मॉडेलचं नकली पिस्तूल सारायचं आणि बाहेरून हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत हत्याराने दाबत दाबत आकार काढायचा. चापाभोवतीचं कडं, स्लाइडची म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची कड, काडतुसांची रिकामी टरफलं बाहेर पडतात ती खिडकी, हे सगळं कातड्यावर उमटतं. मग मंद उबेत ते सुकू द्यायचं. सुकताना आतले तंतू त्या आकारात एकमेकांना घट्ट धरून बसतात. ही धरच तुमचं पिस्तूल पडू देत नाही. तेल घातलंत की तंतूंना वंगण मिळतं, ते एकमेकांवरून घसरायला लागतात आणि आकार सुटतो. एकदा आत खोल गेलेलं तेल पुन्हा बाहेर काढता येत नाही. मिंक ऑइल, नीट्सफूट ऑइल, सॅडल सोप, खोबरेल, एरंडेल, सगळ्यांना हीच गोष्ट लागू आहे.

यात पैसे वाया जाण्यापेक्षा मोठा धोका आहे, आणि तो मी वर्गात प्रत्येक वेळी सांगतो. ग्लॉकला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते. तिची सेफ्टी चापातच आहे, चाप दाबला की ती सुटते. तेव्हा चापापर्यंत काहीही पोहोचू न देणं हे होल्स्टरचं पहिलं काम. मऊ पडलेल्या होल्स्टरचं तोंड आत मुडपतं, आणि पिस्तूल परत घालताना ती घडी चापाच्या कड्यात शिरली, तर माणसाने बोट न लावताही गोळी सुटू शकते. ती स्वतःच्याच मांडीत किंवा पार्श्वभागात जाते. जुन्या, ढिल्या होल्स्टरांनी असे अपघात झालेले आहेत. म्हणून ‘मऊ झालं, आता छान बसतं’ असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्या होल्स्टरचं तोंड तपासतो.

आता घट्टपणाकडे येऊ. सैल करायचं म्हणजे जिथे पोलाद कातड्याला घासतं तेवढ्याच जागा केसभर दाबून गुळगुळीत करायच्या. त्याआधी पिस्तूल नेमकं कुठे अडतंय ते शोधावं लागतं. तुमच्या पत्रात ‘पँटच वर येते’ असं आहे, त्यावरून मला दोन-तीन शंका येतात.

पुढचं काहीही करण्याआधी पिस्तूल रिकामं करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतलं, काडतूस बाहेर, मग स्लाइड मागे अडकवून डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड मॅगझिनमधलं नवं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये ढकलते. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. हा नियम मी स्वतःही कामाच्या बाकावर पाळतो. घट्ट होल्स्टरशी झटापट करताना बोट कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

मग होल्स्टर हातात धरून, पट्ट्यावर न लावता, पिस्तूल आत-बाहेर करून बघा. हातात सहज निघतं आणि पट्ट्यावर अडतं, असं असेल तर दोष कातड्याचा नाही. पॅनकेक होल्स्टरला दोन बाजूंना दोन चिरा असतात. पट्टा आवळला की त्या दोन्ही चिरा शरीराकडे ओढल्या जातात, होल्स्टरला कमरेचा बाक येतो आणि आतली जागा आवळते. त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं, त्याने पिस्तुलाची मूठ अंगाला चिकटते. पट्टा एक भोक सैल करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मी तक्रार जाते.

दुसरी शंका ओढण्याच्या दिशेची. ही होल्स्टरं बहुधा पुढे झुकवून शिवलेली असतात. मूठ पुढे कललेली, नळीचं टोक मागे, कल साधारण १० ते १५ अंशांचा. पिस्तूल त्याच रेषेत बाहेर यायला हवं, म्हणजे वर आणि किंचित पुढे. नवा माणूस कोपर मागे फेकून सरळ वर हिसका देतो, तेव्हा स्लाइड होल्स्टरच्या कडेला तिरकी अडकते आणि जोर लावावा तितकी जास्त अडते. हात छातीच्या कडेने काखेच्या दिशेने वर न्या, आणि सुरुवातीला अगदी हळू. रिकामं पिस्तूल, आरसा आणि दहा मिनिटांचा निवांत वेळ एवढ्यावर हे कळतं.

हे दोन्ही बघूनही घट्टच असेल, तर कुठे घट्ट आहे ते लक्ष देऊन अनुभवा. ओढायला लागल्यावर पहिल्याच सेंटिमीटरला अडतं आणि मग सुटून सरकन येतं, असं असेल तर ती पकड आहे. चापाच्या कड्याभोवती कातडं मुद्दाम खोल दाबलेलं असतं, तिथलीच ती. ती राहायला हवी, थोडी कमी झाली तरी पूर्ण जाऊ देऊ नका. उलट अख्ख्या लांबीभर ओढत, कुरकुरत येतं, तर स्लाइडच्या कडा किंवा पुढची साइट (नेम धरायची खूण) घासतेय. टॉर्चने आत बघा, घासलेल्या जागी चकचकीत रेघा दिसतील. आणि पिस्तूल शेवटपर्यंत खालीच बसत नसेल, तर जोर लावणं थांबवा आणि मॉडेल तपासा. चौथ्या पिढीपर्यंत ग्लॉक १९ आणि २३ एकाच होल्स्टरात बसत. पाचव्या पिढीत २३ ची स्लाइड रुंद झाली, त्यामुळे १९ चं होल्स्टर तिला चालत नाही. खाली लाइट लावला असेल, तर साधं होल्स्टर कधीच बसणार नाही.

होल्स्टरवर छोटा स्क्रू आहे का तेही बघा. काही बनवणारे ताण कमी-जास्त करायला तो देतात. असेल तर पाव फेरा सैल करा आणि पुन्हा पाहा.

आता प्लॅस्टिकच्या पिशवीचा उपाय. जुना आहे, आणि अनेक बनवणारे होल्स्टरबरोबरच्या कागदावर तोच सांगतात. तुमच्या बनवणाऱ्याने वेगळं काही लिहिलं असेल तर त्याचं ऐका, कारण त्याने कुठलं फिनिश लावलंय ते त्यालाच ठाऊक. रिकामं पिस्तूल एका पातळ पिशवीत घाला. होल्स्टरबरोबर आलेली असेल तर उत्तम, नाहीतर सँडविचची झिपवाली पातळ पिशवी घ्या. पिशवी सपाट ठेवा, घड्या पडू देऊ नका. पिस्तूल पिशवीसकट होल्स्टरमध्ये शेवटपर्यंत सारा. मग मूठ धरून डावीकडे-उजवीकडे अगदी किंचित, एखाद-दुसरा मिलिमीटर, हलवा. जोराने पिळलंत तर शिवण उसवते. असं रात्रभर ठेवा, पण टेबलावर नाही, तिजोरीत. पिस्तूल रिकामं असलं तरी ते पिस्तूलच आहे. आणि भरलेलं पिस्तूल मुलांच्या हाती लागलं तर टेक्सासचा कायदाही तुम्हाला जबाबदार धरतो. सकाळी काढा, पिशवीशिवाय घालून पाहा. फरक जाणवेल. अजून घट्ट वाटलं तर आणखी एक रात्र ठेवा. त्यापुढे पिशवी वापरू नका आणि पिस्तूल आठवडाभर तसंच विसरू नका. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि ह्यूस्टनच्या हवेत गंज लवकर धरतो.

पिशवीनंतरचं काम सरावाचं. पट्ट्यावर लावून, रिकाम्या पिस्तुलाने, रोज थोडा वेळ घालणं-काढणं करा. त्याच मॉडेलची निळ्या प्लॅस्टिकची नकली पिस्तुलं मिळतात, ती घेतलीत तर जास्त निर्धास्त राहाल. यात कातडं आणि तुमचा हात दोन्ही एकदमच सरावतात, आणि मला या वेळेचं मोल पिशवीपेक्षा जास्त वाटतं. चापाच्या कड्याचा खळगा फारच खोल वाटला, तर गुळगुळीत चमच्याच्या दांड्याने आतून, कोरड्यानेच, हलके घोटा. घासलेल्या रेघांवर होल्स्टरसाठी मिळणारं सिलिकॉनचं द्रावण बोटाच्या टोकाएवढं, आतून, चालतं. ते कातड्यावर थर देतं, तेलासारखं आत खोल जात नाही.

पाण्याने ओलं करायचं मात्र टाळा. ज्या पाण्याने आकार दिला तेच पाणी आकार मोडतं. हेअर ड्रायर, ओव्हन आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड यांपासून लांब ठेवा. घामाने भिजलेलं होल्स्टर उन्हाळ्यात गाडीत राहिलं तर ते आक्रसतं, कडक होतं आणि पुढे भेगा पडतात.

किती दिवस? ठाम आकडा देता येत नाही. गाईचं कातडं बहुधा एक-दोन रात्रींची पिशवी आणि आठवडा-दोन आठवड्यांच्या नियमित सरावाने वठणीवर येतं. घोड्याचं कातडं जास्त घट्ट विणीचं असतं, त्याला बराच जास्त वेळ लागतो, पण मग ते आकार फार वर्षं धरतं. फिनिश किती जाड आहे, साच्यात किती खोल दाबलंय, यावरही अवलंबून आहे. मी दिवस मोजायला सांगत नाही, तीन गोष्टी बघायला सांगतो. एका हाताने पिस्तूल शेवटपर्यंत बसतं का. पिस्तूल बाहेर असताना, पट्टा आवळलेला असताना, तोंड उघडं राहतं का. आणि रिकाम्या पिस्तुलासकट होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवलं तर पिस्तूल जागच्या जागी राहतं का. तिन्हींना ‘हो’ आलं की सैल करणं थांबवायचं. त्यापुढचं सैल म्हणजे ढिलं.

आता झाकण्याचा प्रश्न. तो सोडवताना सगळे आधी शर्टाकडे बघतात, मी पट्ट्याकडे बघतो. ग्लॉक १९ भरलेलं साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं. एवढं वजन साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर एका बाजूला लटकलं की पट्टा पीळ खातो, होल्स्टरचा वरचा भाग अंगापासून बाहेर झुकतो आणि मूठ शर्टात तंबूच्या खांबासारखी उभी राहते. तुम्हाला दिसणारा फुगवटा बहुतेक हाच आहे. दुहेरी कातड्याचा किंवा आत ताठ पट्टी घातलेला दीड इंची पट्टा घ्या, आणि होल्स्टरच्या चिरा त्याच रुंदीच्या आहेत ना ते पाहा. चिरेत पट्टा सैल खेळत असेल तर होल्स्टर दिवसभर पुढे-मागे सरकत राहतं. ओवताना पट्टा मागच्या चिरेतून काढून पँटच्या लुपीतून न्या आणि मग पुढच्या चिरेत घाला. लूप दोन चिरांच्या मधे अडकली की होल्स्टर हलत नाही. वर्गात फुगवट्याची तक्रार घेऊन आलेल्याला मी आधी माझा पट्टा बांधून बघायला देतो, आणि बऱ्याच वेळा शर्ट बदलायची गरजच उरत नाही.

मग जागा. बेंबीला बारा वाजले धरले तर उजव्या कुशीवर तीन वाजतात. बरोबर तीनवर कमरेचं हाड सर्वांत बाहेर असतं, तिथे लावलेलं सर्वांत जास्त दिसतं. हाडाच्या मागच्या खळगीत, साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान, अर्धा-अर्धा इंच सरकवत जागा शोधा. इथे अंगयष्टीवर सगळं अवलंबून आहे. सडपातळ माणसाला ही खळगी उथळ मिळते, पोट सुटलेल्याला उलट मागे चांगली जागा मिळते पण हात तिथवर पोहोचायला त्रास होतो. म्हणून जागा आरशासमोर ठरवा, आणि नुसतं उभं राहून नाही. वाका, खुर्चीत बसा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा, वरच्या फडताळावरचा डबा काढा.

लक्षात घ्या, पँटच्या बाहेरच्या होल्स्टरात खालची नळी शर्टाच्या लांबीने झाकली जाते आणि मूठ शर्टाच्या पडण्याने. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात वर केल्यावरही शर्टाचं टोक होल्स्टरच्या खालच्या कडेखाली राहायला हवं, आणि कापड मुठीवरून सरळ खाली पडायला हवं, तिला बिलगायला नको. होजिअरीचा टी-शर्ट बिलगतो, त्यात तो गडद एकरंगी किंवा ओला असेल तर अजूनच. सरळ कडेचा, बाहेर सोडायचा, जरा जाड सुती किंवा लिननचा शर्ट, त्यावर बारीक चौकडी किंवा छापा, आणि मापाने एक नंबर मोठा घेतलात तर ह्यूस्टनच्या जुलैतही निभतं. आत बनियन घाला आणि ते होल्स्टर नि अंगाच्या मधे राहू द्या. घाम कातड्याला आणि पिस्तुलाला दोघांनाही वाईट. संध्याकाळी पिस्तूल पुसा आणि होल्स्टरमध्ये न ठेवता वेगळं तिजोरीत ठेवा. कमावलेल्या कातड्यात आम्ल आणि ओल असते, आणि दिवसेंदिवस त्यात राहिलेल्या पोलादाला डाग पडतात. ग्लॉकच्या स्लाइडवरचं फिनिश बरंच सोसतं, जुन्या निळ्या पॉलिशचं रिव्हॉल्व्हर सोसत नाही.

आपल्या लोकांचा एक खास प्रश्न असतो तो कुर्त्याचा. कुर्ता लांब, म्हणून उत्तम झाकेल असं वाटतं. पण कुर्त्याची बाजूची चीर बरोबर कमरेच्या हाडाखाली सुरू होते. उभं असताना ठीक, बसलात की चीर उघडते आणि होल्स्टरचं टोक बाहेर डोकावतं. मांडी घालून बसलात तर पाठीमागची मूठ वर ढकलली जाते. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना कमरेतून वाकलात की पाठीवर मुठीचा अख्खा आकार उमटतो, तेव्हा गुडघे वाकवून खाली जायची सवय लावा. अर्थात याहून आधीचा प्रश्न आहे की अशा ठिकाणी पिस्तूल न्यायचं का. मंडळांचे कार्यक्रम पुष्कळदा शाळेच्या सभागृहात होतात, आणि शाळेच्या आवारातल्या इमारतीत पिस्तूल नेणं हा लायसन्स असूनही टेक्सासमध्ये गुन्हा आहे. देवळांवर २०१९ पासून सरसकट बंदी नाही, पण दारावर ३०.०६ ची (झाकून नेण्यावर बंदी) किंवा ३०.०७ ची (उघडपणे नेण्यावर बंदी) पाटी असेल तर ती पाळावीच लागते. बारच्या दारावरच्या लाल ५१ टक्क्यांच्या पाटीचंही (जिथे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे ती लावतात) तेच. सणासमारंभाला, जिथे लहान मुलं धावत येऊन कमरेला मिठी मारतात, तिथे माझा सल्ला घरी तिजोरीत ठेवून जाण्याचाच आहे. गाडीत ठेवायचं तर गाडीला पक्की बांधलेली छोटी तिजोरी हवी. आणि पार्किंगमध्ये सारखं काढ-घाल करण्यात धोका मोठा आहे, एकदाच निर्णय करून निघा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून हे सगळं लागू आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. वैध शिकारीचं लायसन्स असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ‘टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून लायसन्स लागत नाही’ हे अर्धंच वाक्य आहे. ती सूट कायद्याने बंदी नसलेल्या माणसालाच आहे, आणि व्हिसावरचा माणूस बंदी असलेल्यांत येतो. यात नोकरी, व्हिसा, पुढचं ग्रीन कार्ड सगळं पणाला लागतं. तुम्ही लायसन्स काढलंत हे मात्र चांगलंच केलंत. दुसऱ्या राज्यांत आणि शाळांच्या १००० फुटांच्या परिसरातून जाताना ते उपयोगी पडतं. टेक्सासमध्ये होल्स्टरमधलं पिस्तूल चुकून दिसलं म्हणून आपोआप गुन्हा होत नाही. तरी राज्याची सीमा ओलांडण्याआधी त्या राज्याचा नियम वाचा, कारण नियम खूप वेगळे आहेत.

आणि रेंजला नेलेली बॅग, मॅगझिनची पिशवी, जॅकेट यांतलं काहीही भारतात जाताना वापरू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलिसांत तक्रार होते, आणि सुट्टी वकिलाच्या ऑफिसात जाते.

पँटच्या आतलं होल्स्टर घ्यायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ते नक्कीच जास्त झाकतं, कारण नळी पँटच्या आत जाते आणि शर्ट थोडा आखूड असला तरी चालतं. पण पँट कमरेत एक-दोन इंच मोठी लागते, पोटाला टोचतं, आणि उन्हाळ्यात घामाचा त्रास जास्त. रोज शर्ट खोचून ऑफिसला जायचं असेल, तर बाहेरचं होल्स्टर तुमच्यासाठी नाहीच, त्यात कितीही पट्टे बदलले तरी. शर्ट बाहेर सोडता येत असेल, तर आधी पट्टा, मग जागा, मग कापड या क्रमाने महिनाभर प्रयत्न करून पाहा. दुसरं होल्स्टर त्यानंतर.

पिशवीचा उपाय करण्याआधी एक तपासणी आजच करा. पिस्तूल तिजोरीत ठेवा, रिकामं होल्स्टर पट्ट्यावर नेहमीच्या जागी लावा, पट्टा नेहमीइतका आवळा आणि आरशात वरून होल्स्टरच्या तोंडात बघा. तोंडाच्या कडेला कातड्याची दुसरी जाड पट्टी शिवलेली आहे का आणि तोंड उघडं राहतंय का, ते मला कळवा, जमलं तर फोटो पाठवा. तोंड मिटत असेल तर त्याला सैल करायच्या फंदात न पडता ते आहे तसं बनवणाऱ्याकडे परत पाठवा. मी तरी माझ्याकडे असं परत आलेलं होल्स्टर बदलून देतो. तेल लावलेलं मात्र मी परत घेत नाही.